दुसऱ्या घरातली प्रत

मंदाबाई आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. धुळ्याच्या देवपुरातली मुलींची शाळा. मी मराठीची. एकाच स्टाफरूममध्ये आम्ही एकोणीस वर्षं बसलो, तरी त्यांच्याविषयी मला जे ठाऊक आहे त्यातलं निम्म्याहून अधिक मला फार उशिरा कळलं. त्यात माझीही चूक आहे. ती पुढे सांगेनच.

त्यांचं माहेर शिरपूरकडचं, शेतकरी घर. लग्न होऊन सात महिन्यांत त्या परत आल्या. का आल्या हे लोकांनी विचारलं, त्यांनी सांगितलं नाही, आणि काही वर्षांनी लोकांनी विचारणं सोडलं. चित्रकलेचा डिप्लोमा करून त्या शाळेत लागल्या आणि देवपुरातच गच्चीजवळच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन राहू लागल्या. शाळेत बोलायच्या ते वर्गापुरतं. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाला की पेन्सिलींना टोक करत बसायच्या. आम्ही बाकीच्या जणी लग्नं, बाळंतपणं, बदल्या यांविषयी बोलायचो. त्यांत त्यांच्याकडे वळून विचारावं असं काही नसायचं.

१९८१ साली शाळेला एक छोटी दुर्बीण मिळाली. विज्ञानाचे चुडामण सर होते. त्यांनी एका सकाळी आम्हा सगळ्यांना मैदानात बोलावलं. सूर्याकडे दुर्बिणीतून पाहायचं नाही, डोळे जातील, असं त्यांनी तीनदा बजावलं. दुर्बीण सूर्याकडे रोखून तिच्या मागे त्यांनी पांढरा कागद धरला. कागदावर लहान भाकरीएवढं उजेडाचं वर्तुळ पडलं आणि त्यात चार-पाच काळे ठिपके दिसले. सूर्यावरचे डाग. हे डाग रोज थोडे सरकतात, तेरा-चौदा दिवसांत या कडेपासून त्या कडेला जातात, काही मधेच विरतात, असं सर म्हणाले. रोज कोणी ते हुबेहूब काढून ठेवले तर फार उपयोग होईल. मला चित्र येत नाही, असं म्हणून त्यांनी मंदाबाईंकडे पाहिलं.

मंदाबाईंनी त्या दिवशी पहिलं वर्तुळ काढलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. सर शेजारी उभे राहून तारीख, वेळ, डागांची संख्या लिहायचे आणि खाली सही करायचे. शाळा अकराची, त्यामुळे साडेआठची वेळ ठरली. पुढे सरांची बदली नंदुरबारला झाली. प्रयोगशाळेत उंदीर फार म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी दुर्बीण मंदाबाईंच्याच घरी ठेवायला सांगितली. त्यानंतर गच्चीवर त्या आणि सूर्य, इतकंच उरलं. पावसाळ्यात ढग असले तर कागदावर तारीख घालून त्या ‘ढग’ असं लिहायच्या. ८५-८६ साली महिनेच्या महिने सूर्यावर डागच नव्हते. तेव्हाही त्या रोज वर्तुळ काढायच्या, रिकामं, आणि तारीख घालायच्या.

हे सगळं शाळेत फारसं कोणाला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, सर गेले तसा तो नादही गेला असेल.

मग ९६ च्या उन्हाळ्यात वाळवी लागली. कागदांच्या दोन ट्रंका होत्या, त्यांतल्या एकीत तळाशी ८१ आणि ८२ सालचे कागद होते. ट्रंकेच्या गंजलेल्या कोपऱ्यातून वाळवी आत शिरली होती. कागद हातात घेतला की त्याचा भुगा व्हायचा. त्याच दिवाळीत मंदाबाईंनी कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला. स्टाफरूममध्ये आठवडाभर हाच विषय होता. एकट्या बाईला कॉम्प्युटर कशाला? मीही हसले होते.

कॉम्प्युटर जळगावच्या बन्सीलालकडचा. आमच्या शाळेत कॉम्प्युटर बसवायला तो आला होता, तिथली ओळख. रेल्वे स्टेशनजवळ त्याचं छोटं दुकान होतं. मशीन सुट्या भागांतून जोडून द्यायचा आणि खोटं बोलायचा नाही. वर्षभराने मंदाबाईंनी दुसरं, जास्त चांगलं मशीन घेतलं तेव्हा त्याने सुचवलं, की पहिलं विकू नका. त्यात मोठी डिस्क टाकू, आतल्या खोलीत ठेवू, आणि काळ्या केबलने दोन्ही जोडून देऊ. बाहेरच्या खोलीत स्कॅन करायचं, साठा आत. त्या दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक पाडून त्याने केबल ओढली. घरमालक कुरकुरले. आतल्या मशीनला पडदाही नव्हता, नुसता डबा घुमत असायचा. मंदाबाई त्याला ‘कोठी’ म्हणायच्या.

त्या कोठीत त्यांनी सगळी वर्षं भरली. वाळवीने खाल्लेले कागद सगळ्यात आधी. चिमट्याने उचलून काचेवर ठेवायचे, स्कॅन झालं की ते उचलताना तुटून जायचे. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांचे कागद आता फक्त कोठीत होते. सरांच्या सह्याही.

९८ च्या मे महिन्यात धुळ्यात पारा पंचेचाळिसावर गेला. वीज दिवसातून चार-पाच वेळा जायची, यायची. एका दुपारी कोठीतून टकटक असा आवाज यायला लागला. मंदाबाईंनी बन्सीलालला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी जळगावहून आला, डबा उघडून डिस्कला कान लावला आणि लगेच मशीनचा प्लग काढून टाकला. त्यावरूनच त्या समजल्या. डिस्क त्याने नेली, मुंबईपर्यंत पाठवून पाहिली. त्यातून काही निघालं नाही.

८३ पासूनचे कागद ट्रंकेत होते. कोठीत नवी डिस्क बसवून घेऊन ते त्यांनी पुन्हा पहिल्यापासून स्कॅन केले. सुट्टी संपली, शाळा सुरू झाली, तरी रोज संध्याकाळी हेच. पहिली दोन वर्षं मात्र गेली ती गेलीच. त्यांनी हे आम्हाला सांगितलं नाही. जूनमध्ये शाळेत आल्या तेव्हा वाळलेल्या दिसल्या. मी विचारलं, बरं नव्हतं का? उन्हाळा बाधला, म्हणाल्या.

जुलैत एका रविवारी त्या बसने जळगावला गेल्या. बन्सीलालने काउंटरवर एकेक वस्तू मांडून समजावून सांगितलं. टेप होती, गाण्याच्या कॅसेटसारखी. त्यात खूप मावतं, पण एक कागद परत हवा असला तरी सगळी फीत फिरवत बसायचं. सीडी लिहिणारं मशीन होतं. त्यात लिहिलेलं टिकतं, पण लिहिता लिहिता वीज गेली की ती सीडी फेकायची, आणि धुळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. आणखी एक हार्ड डिस्क घेता येईल, सरकत्या खणात बसवून काढता-घालता येते. ती स्वस्त पडेल. पण तीही त्याच जातीची, आणि एसटीच्या धक्क्यांत तिला घेऊन फिरणं बरं नाही. चौथं होतं झिप ड्राइव्ह. जाड पुस्तकाएवढा निळा डबा, प्रिंटरच्या जागी जोडायचा. त्यात जाड फ्लॉपीसारखी चकती घालायची. एकीत सत्तरेक फ्लॉपींएवढं मावायचं. म्हणजे मंदाबाईंना आठ चकत्या लागल्या असत्या. बन्सीलालचा कौल हार्ड डिस्कला होता. मधेच त्याने असंही सुचवलं, की रिकामी वर्तुळं काढून टाकली तर बरीच जागा वाचेल.

मंदाबाई म्हणाल्या, “डाग नव्हते हे दाखवायलाही कागद लागतो, बन्सीलालभाऊ.”

मग त्यांनी झिपची परीक्षा घेतली. एक चित्र चकतीवर उतरवायला लावलं आणि मधेच त्याला प्लग काढायला सांगितला. तो बिचकला, पण त्याने काढला. पुन्हा वीज दिल्यावर ते एक चित्र अर्धवट होतं, आधीची सगळी शाबूत होती. उन्हात काय होईल, विचारलं. सावलीत ठेवा, म्हणाला. दहा वर्षांनी ही चकती वाचणारं यंत्र मिळेल का? बन्सीलाल म्हणाला, ते मलाही सांगता येणार नाही. तेव्हा जे चालत असेल ते घ्यायचं आणि पुन्हा त्यावर उतरवायचं. हे कधी संपत नाही, मॅडम.

त्यांनी झिप निवडली. कारण त्यांनी स्वतःच मला पुढे सांगितलं: एक चकती बिघडली तर दोन वर्षं जातील, सगळी जाणार नाहीत. दोन वर्षं जाणं म्हणजे काय हे त्यांना ठाऊक झालं होतं.

सामान बांधून देताना बन्सीलाल आणखी एक गोष्ट बोलला. या चकत्या घरात ठेवू नका. आग लागली, चोर आले, पांझरेला पूर आला, तर मशीनबरोबर याही जातील. दुसरी प्रत नेहमी दुसऱ्या घरात ठेवायची.

“म्हणजे कोणाच्या?” मंदाबाईंनी विचारलं.

तो म्हणाला, कोणाच्याही. आपल्या माणसाच्या.

पारोळ्यापर्यंत बसमध्ये त्या हाच विचार करत होत्या. यंत्र निवडायला एक दुपार पुरली होती. घर काही सुचेना.

पहिल्यांदा त्या माझ्याकडे आल्या. हीच ती माझी चूक. ऑगस्टमधला शनिवार होता, मी कपडे वाळत घालत होते. इतक्या वर्षांत त्या दुसऱ्यांदाच माझ्या घरी येत होत्या. हातात पत्र्याचा चपटा डबा, बिस्किटांचा असतो तसा. कागदपत्रं आहेत, कॉम्प्युटरची, तुमच्याकडे ठेवाल का, तीन महिन्यांनी येऊन बदलून नेत जाईन, असं त्या म्हणाल्या. कशाची, ते मी विचारलंच नाही. आत यजमान पेपर वाचत होते. त्यांना न विचारता मला हो म्हणता येईना, आणि ते नाही म्हणतील हेही ठाऊक होतं. लोकांची वस्तू घरात ठेवली आणि बिघडली तर जबाबदारी कोणाची, हे त्यांचं नेहमीचं. मी म्हटलं, “जागाच नाही हो, मंदाबाई. तुम्ही पाहताच आहात.”

डबा माझ्या पोळ्यांच्या डब्याहून लहान होता. त्या ‘बरं’ म्हणाल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. मला त्यानंतर काही दिवस त्यांच्याशी नजर मिळवणं जड गेलं. मग तेही सरलं.

पोळ्याला त्या माहेरी गेल्या. घरी भाऊ झुलाल आणि भावजय भागाबाई. वडील गेल्यापासून मंदाबाई सणालाच जायच्या, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. जेवणं झाल्यावर त्यांनी डबा काढला. भागाबाईंनी तो हातात घेऊन हलवून पाहिला.

“हाई काय शे?” त्यांनी विचारलं.

मंदाबाईंनी सांगायचा प्रयत्न केला. सूर्याची चित्रं, कॉम्प्युटर, दुसरी प्रत. कपाटाच्या वरच्या फळीवर राहू द्या, कोणी उघडू नका, इतकंच. झुलाल ओट्यावर बसून ऐकत होता. तो वाईट माणूस नव्हता, पण वडिलांच्या जमिनीवर बहिणीची सही घ्यायची राहिली होती आणि गावात तेव्हा अशा हिश्श्यांची दोन-तीन भांडणं चालू होती. तो बायकोकडे पाहून बोलला, बहिणीकडे पाहून नाही. “आज डबा ठेवशी, सकाय कपाट ठेवशी, मंग हिस्सा मांगशी.”

मंदाबाईंनी डबा पिशवीत घातला. बैल सजवून झाले होते, पोरं वाजत गाजत निघाली होती. त्या गर्दीतून त्या स्टँडपर्यंत चालत आल्या आणि मिळेल त्या बसने परतल्या. सही त्यांनी पुढच्या महिन्यात तहसीलला जाऊन करून दिली. माहेरी त्यानंतर गेल्या नाहीत.

चकत्या बदलायला आणखी एक बॉक्स हवा होता म्हणून सप्टेंबरअखेर त्यांनी बन्सीलालला फोन केला. डबा कुठे ठेवला, त्याने सहज विचारलं. अजून घरातच आहे, त्या म्हणाल्या. बन्सीलाल म्हणाला, माझ्याकडे अजून एक असेच गिऱ्हाईक आहेत. त्यांनाही दुसरं घर हवंय.

ते जीवरामभाऊ. भूजल खात्यातून निवृत्त झालेले, जळगावात राहायचे. नोकरीत असताना रावेर, यावल, मुक्ताईनगर या भागातल्या ठरावीक विहिरींचं पाणी किती खोल आहे ते वर्षातून चार वेळा मोजायचं, हे त्यांचं काम होतं. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. निवृत्तीनंतर खात्याने दुसरा माणूस नेमला, पण त्याच्या यादीतून बावीस विहिरी गळल्या, म्हणून जीवरामभाऊंनी त्या स्वतःच्या खर्चाने मोजायचं चालू ठेवलं. एसटीने जायचं, पुढे सायकल भाड्याने घ्यायची. सगळ्या केळीच्या पट्ट्यातल्या विहिरी. १९७४ पासूनचे आकडे त्यांनी कॉम्प्युटरवर चढवले होते. ते सगळे दोन फ्लॉपींत मावायचे. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा सुरतेला.

ऑक्टोबरात बन्सीलालच्या दुकानात दोघांची गाठ पडली. काउंटरच्या दोन बाजूंना दोन स्टुलांवर बसून त्यांनी चहा घेतला. जीवरामभाऊ पासष्टीचे, उन्हाने रापलेले, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं. मंदाबाईंनी आठ चकत्यांचा डबा दिला. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या दोन फ्लॉपी दिल्या. आठाला दोन, हा सौदा तुम्हाला तोट्याचा आहे, असं ते म्हणाले. फ्लॉपीला बुरशी धरते म्हणून मंदाबाईंनी त्या घरी नेऊन कोठीत उतरवून ठेवायचं कबूल केलं. जीवरामभाऊंकडे झिप नव्हती, त्यामुळे त्यांना यांच्या चकत्या पाहता येणार नव्हत्या. त्यांनी विचारलं, काय आहे यात? मंदाबाईंनी सांगितलं, आणि मग कोणी न विचारताच म्हणाल्या, की त्यात कितीतरी वर्तुळं रिकामी आहेत.

जीवरामभाऊंनी मान हलवली. “विहीर कोरडी असली तरी मी जातोच. जाऊन ‘कोरडी’ असं लिहावं लागतं.”

मंदाबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या थोडं हसल्या होत्या. तसं हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

जानेवारीत ते पुन्हा भेटले, मार्चमध्ये पुन्हा. दर वेळी अर्धा-पाऊण तास. नव्या चकत्या, नव्या फ्लॉपी, जुन्या परत. बोलणं हवा-पाण्याचं. खरोखरच हवेचं आणि पाण्याचं. यांच्या डागांची संख्या वाढत चालली होती, त्यांच्या विहिरी खाली जात होत्या. मार्चमध्ये जीवरामभाऊंनी त्यांना स्टँडपर्यंत सोडलं आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. मे महिन्याची तारीख ठरली.

मेमध्ये मंदाबाई गेल्या तेव्हा बन्सीलाल दुकानाच्या पायरीवर आला. जीवरामभाऊ एप्रिलच्या शेवटी गेले होते. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. बन्सीलालला आठ दिवसांनी कळलं होतं, आणि मंदाबाईंच्या घरमालकाचा फोन बंद होता. त्याने पोस्टकार्ड टाकलं होतं. ते त्यांना मिळालंच नव्हतं.

त्या पत्ता विचारत घरी गेल्या. मुलगा सुरतेहून येऊन राहिला होता, घर रिकामं करत होता. त्याने त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांचा डबा त्याने बाजूला काढून ठेवला होता, वर नाव-पत्ता होता म्हणून. तो त्याने परत दिला. मंदाबाईंनी विहिरींच्या वह्यांबद्दल विचारलं. रद्दीत गेल्या. कॉम्प्युटर? तो पुसून साफ करून घेतला, सुरतेला मुलांना खेळायला नेणार होता. त्या म्हणाल्या, आकडे माझ्याकडे आहेत, तुम्हाला उतरवून देते. मुलगा नम्र होता. म्हणाला, “आम्ही काय करणार, मावशी? राहू द्या तुमच्याकडेच.”

त्या ज्या बसने आल्या होत्या त्याच बसने परत गेल्या. ड्रायव्हरही तोच होता. मांडीवर स्वतःचा डबा.

आता जीवरामभाऊंची पंचवीस वर्षं फक्त मंदाबाईंच्या कोठीत होती. तोवर त्यांनी ती फाइल उघडली नव्हती. दुसऱ्याची वही उघडू नये, असं त्यांना वाटायचं. जूनमध्ये त्यांनी ती उघडली. विहिरीचा क्रमांक, गाव, तारीख, पाण्याची खोली, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. सुरुवातीची वीस वर्षं तो रकाना बहुतेक मोकळा होता. पंप चालू, गाळ काढला, असलं काही क्वचित. ९४ च्या ऑक्टोबरात, बायको गेली त्या वर्षी, नवव्या विहिरीपुढे लिहिलं होतं: ‘आज घरी परतायची घाई नाही.’ त्यानंतर रकाना भरत गेला होता. कठड्यावर बसून डबा खाल्ला. मालक बोलले नाहीत. आज वाटेत कोणीच भेटलं नाही. आणि चौदाव्या विहिरीपुढे, जवळजवळ दर वेळी: इंदिराबाईंनी ताक दिलं. इंदिराबाईंनी बसायला सांगितलं. इंदिराबाई गावाला गेलेल्या, घर बंद.

मंदाबाईंनी तो रकाना वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला. शेवटची नोंद मार्चची होती.

ऑक्टोबरात, विहिरी मोजायच्या महिन्यात, त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली. शाळेच्या क्रीडासाहित्यातली पन्नास मीटरची टेप मागून घेतली. मी कपाटाची किल्ली दिली, तेव्हा मला वाटलं, वर्गासाठी हवी असेल. भुसावळला मुक्काम केला, सकाळी सावद्याची बस धरली, आणि तिथून पुढे रिक्षाने चौदाव्या विहिरीच्या गावी. इंदिराबाई साठीच्या पुढच्या, विधवा. मुलं शेतीच्या वाटण्या करून वेगळी झालेली, त्या एकट्याच मळ्यातल्या घरात. आजूबाजूला केळी होत्या, पण पाणी नव्या बोअरचं. जुन्या विहिरीवर बाभळीच्या फांद्या टाकलेल्या.

मंदाबाईंनी जीवरामभाऊंचं नाव घेतलं तशा त्या खाटेवरून उठल्या.

“आबा काहून नाही आले मे मईन्यात? मी वाट पायली.”

गेले, मंदाबाई म्हणाल्या, एप्रिलात.

“मले कोनी सांगलं नाही,” इंदिराबाई म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी ताक आणलं. बाहेर बसून दोघी प्यायल्या. इंदिराबाईंनी सांगितलं, बोअर झाल्यापासून या हिरीत घरचं कोणी डोकावत नाही. पोरं म्हणतात बुजवून टाक, तेवढीच जागा निघेल. आबा यायचे म्हणून मी बुजवू दिली नाही. माणूस एवढ्या लांबून येतो आणि हीर नाही, असं कसं करायचं?

बाभळीच्या फांद्या दोघींनी ओढून काढल्या. टेपच्या टोकाला मंदाबाईंनी दगड बांधला आणि सोडला. छत्तीस मीटरवर तो टेकला, आवाज कोरडा. त्यांनी दगड वर ओढून पाहिला. त्याला ओलसुद्धा नव्हती. कठड्यावर बसून त्यांनी वहीत क्रमांक, गाव, तारीख लिहिली, आणि पुढे ‘कोरडी’. शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं. तो त्यांनी मोकळा सोडला.

निघताना त्यांनी पिशवीतून डबा काढला. आता त्यात नऊ चकत्या होत्या. हा तुमच्याकडे ठेवाल का, त्यांनी विचारलं, आणि उत्तराआधीच सांगितलं, नको असेल तर तसं म्हणा.

“याच्यात काय हाये?”

“माझी चित्रं आहेत. आणि आबांच्या विहिरी. ही पण.”

इंदिराबाईंनी डबा घेतला. आत नेऊन लोखंडी पेटीत लुगड्यांच्या मधे ठेवला, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कधी येशील, एवढंच त्यांनी विचारलं. जानेवारीत, मंदाबाई म्हणाल्या.

हे सगळं मला मंदाबाईंनी त्या नोव्हेंबरात सांगितलं. टेप परत करायला आल्या होत्या, स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो, आणि टेपवर माती कसली म्हणून मी विचारलं. एकोणीस वर्षांत मी त्यांना विचारलेला बहुधा तो पहिला खरा प्रश्न. त्यांनी सुरुवातीपासून सांगितलं, माझ्या घरी आल्या होत्या तेही, जसं झालं तसं, आवाज न चढवता. माझ्याकडून नाही म्हटलं गेलं त्याची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, जागा नव्हतीच ना तुमच्याकडे. टोमणा नव्हता तो. त्यांनी माझं म्हणणं तेव्हाच खरं मानलं होतं. त्यामुळे मला अधिकच लाज वाटली.

मी विचारलं, बाकीच्या विहिरी?

“एकवीस आहेत,” त्या म्हणाल्या. “मला एकच जमते.” मग तास झाला आणि त्या खडूचा डबा घेऊन सातवी ‘ब’ वर गेल्या.